आधी ऐपत दाखवा

"पडताना ते हसत होते," दातांची डॉक्टर म्हणाली. "माणूस खाली गेला, पण त्यांचं हसणं अजून माझ्या कानात आहे. मॅडम, थोडं पाणी मिळेल?"

हवालदाराने पाणी आणून दिलं. इन्स्पेक्टरबाई स्टूल ओढून तिच्यासमोर बसल्या. बाहेर गच्चीवर लख्ख ऊन होतं. कठड्याचा मधला भाग नाहीसा झाला होता आणि त्या जागी नुसतं आभाळ दिसत होतं. खाली, टेकडीच्या उतारावरच्या दगडी पायऱ्यांवर, शहरातला सगळ्यात मोठा घरदलाल चादरीखाली पडला होता.

त्याला तोंडावर शेठ म्हणत, पाठीमागे चाळणीशेठ. गिऱ्हाइकाचा पगार, शिल्लक, कर्ज, सगळं चाळून घेतल्याशिवाय तो कोणाला घराची पायरी चढू देत नसे. नुसतं बघायला येणाऱ्यांनी सिनेमाला जावं, असं तो म्हणायचा.

"तुमचीही चौकशी झाली होती?"

"झाली म्हणजे काय! बँकेचे कागद, दवाखान्याची कमाई, नवऱ्याचा पगार. सासूबाईंच्या अंगावरचं सोनंसुद्धा सोडलं नाही. मग कुठे आजचा दिवस मिळाला."

"आज काय झालं? पहिल्यापासून सांगा."

"सगळं घर दाखवून झालं. शेवटी गच्ची. मला म्हणाले, डोळे मिटा. आता उघडा. उघडले तर समोर नदीचं अख्खं वळण. ते कठड्यापाशी उभे राहून म्हणाले, 'आणि हे सगळं फुकट!' तेवढ्यात घरमालक मागून आले आणि शेठना काहीतरी म्हणाले."

"काय म्हणाले?"

"माझं लक्ष नदीकडे होतं. शेठ मोठ्याने हसले, हात पसरले आणि कठड्याला रेलले. त्यानंतर..." तिने पेला खाली ठेवला.

"तुम्ही टेकला नव्हतात?"

"टेकणार कुठे? दोन्हीकडे कुंड्यांची रांग. मधे एका माणसापुरती जागा, तिथे शेठ."

इन्स्पेक्टरबाई गच्चीवर गेल्या. कठड्याचा मधला भाग दोन खांबांना बोल्टने जोडलेला होता.

"गंजला असेल, मॅडम," हवालदार म्हणाला.

"गंज वेडावाकडा खातो. हे बघ."

बोल्ट सरळ रेषेत कापलेले होते. कडेला नखाएवढंच लोखंड शिल्लक ठेवलं होतं, तेवढंच तुटून खडबडीत झालं होतं. कापलेली फट रंगाऱ्यांची लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवली होती आणि वरून काळ्या रंगाचा हात मारला होता. बाईंनी बोट फिरवलं, तर लांबीचा पांढरा भुगा बोटाला लागला.

मग त्यांनी एक कुंडी बाजूला सरकवली. खाली फरशीवर ओलीचा डाग नाही, मातीचा कण नाही. त्यांनी वाकून मागच्या अंगणात पाहिलं. तिथे भिंतीलगत गवतात ओळीने गोल गोल उघडी जमीन दिसत होती.

"कुंड्या नुकत्याच वर आल्यात," त्या म्हणाल्या. "ज्याने बोल्ट कापले, त्याला शेठच पडायला हवा होता. दुसऱ्या कोणाला खरचटलेलंही चाललं नसतं."

घरमालक स्वयंपाकघरात होता. उंच, खांद्यात वाकलेला म्हातारा. मनगटापासून कोपरापर्यंत दोन्ही हातांवर बारीक पांढरे डाग.

"काका, शेठ पडले तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"इथेच. चहा टाकत होतो."

"गच्चीवर गेला नव्हतात?"

"आरडाओरडा ऐकून गेलो."

बाईंनी ते मनात नोंदवलं. "घर कधी घेतलंत?"

"वर्ष होईल."

"आणि लगेच विकायला काढलंत?"

"एकट्याला मोठं पडतं."

"घेतलंत तेव्हाही एकटेच होतात ना?"

म्हातारा पातेल्याकडे बघत राहिला. "अंदाज चुकतो माणसाचा."

"हातांना काय झालं?"

"तळताना तेल उडतं."

बाईंची नजर ओट्यावरून फिरली. एक पातेलं, एक कप, एक ताटली. कढई कुठेच दिसली नाही.

"आधी काय करत होतात?"

"छोटं दुकान होतं."

"कठडा कोणी तपासला होता का?"

"दलालाने तपासलं होतं सगळं," म्हातारा शांतपणे म्हणाला. "नळ, भिंती, छप्पर. त्याला तपासायची फार हौस."

शेठच्या कचेरीत शिरताच भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी होती: आधी ऐपत दाखवा, मग घर दाखवू. गिऱ्हाइकांसाठी खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि त्यांच्या समोरच, अगदी दोन हातांवर, चौकशीचं टेबल. तिथे बोललेलं खुर्च्यांवरच्या सगळ्यांना ऐकू जाणार हे उघड होतं. टेबलामागे मधल्या वयाची बाई बसलेली होती. सगळे तिला चौकशीवाली म्हणत.

शेठचा भाचा आतल्या खोलीत होता. तिशीचा, डोळे रडून सुजलेले. शेठला मूलबाळ नव्हतं. धंदा आता याचाच होणार होता, हे इन्स्पेक्टरबाईंनी मनाच्या कोपऱ्यात ठेवून दिलं.

"मामांच्या वाईटावर कोण होतं?"

"ज्यांना घर दाखवलं नाही ते सगळे. शहरात अशी माणसं कमी नाहीत. पण परवा एका ट्रकवाल्याने हद्द केली. हेच घर बघायचं म्हणाला. मामांनी कागद मागितले, तर टेबलावर मूठ आपटून म्हणाला, 'बघून घेईन!' सगळ्यांनी ऐकलंय."

"मामा कठड्याला रेलायचे, हे किती जणांना माहीत होतं?"

"ज्यांना ज्यांना त्यांनी घर दाखवलं, त्या सगळ्यांना. डोळे मिटायला लावायचे, 'सगळं फुकट' म्हणायचे आणि रेलायचे. त्या घरी प्रत्येक वेळी हेच."

"तुम्ही नाही दाखवायचात ते घर?"

भाच्याने मान हलवली. "म्हातारा मला दारात उभं करत नाही. शेठ स्वतः आला तरच दार उघडीन म्हणतो. विक्षिप्तच आहे. चांगली चांगली गिऱ्हाइकं आणली. एकाने तर सांगितलेल्या किमतीच्या वर द्यायची तयारी दाखवली. तरी नाही म्हणाला."

"का?"

"म्हणाला, माणूस आवडला नाही. मामा वैतागले होते, पण घर मोक्याचं. दलाली मोठी सुटणार होती. मग परत नवं गिऱ्हाईक, परत तीच गच्ची."

ट्रकवाला आपल्या ट्रकखाली आडवा झालेला सापडला. तो बाहेर आला आणि पोलीस पाहून आधी हात पुसले.

"शेठला धमकी दिली होतीस?"

"मी? कधी?"

"'बघून घेईन' म्हणाला होतास."

"घर, बाई! घर बघून घेईन म्हणालो! न बघता कसं घेऊ? चपला घ्यायला गेलो तरी दुकानदार आधी पायात घालून बघू देतो. पाकीट उघडून दाखव म्हणत नाही. आणि हा दाराच्या बाहेरूनच हाकलतो?"

"मग मूठ कशाला आपटलीस?"

"अपमान झाला म्हणून. चारचौघांत माझी शिल्लक मोठ्याने वाचली त्याने. माझ्या बायकोलासुद्धा मी तो आकडा सांगितलेला नव्हता." तो थांबला. "मेला हे ऐकून मला वाईट वाटलं नाही. हवं तर त्यासाठी पकडा. पण त्या घराची आतली भिंत कुठल्या रंगाची आहे, हेही मला ठाऊक नाही."

परतताना हवालदार म्हणाला, "मॅडम, भाच्यालाच सगळा फायदा. रेलायची सवयही त्याला माहीत."

"पण त्याला त्या घरात पाऊल टाकता येत नव्हतं. बोल्ट हळूहळू कापायचे, लांबी भरायची, रंग वाळू द्यायचा. त्यासाठी घरात निवांत वेळ हवा." इन्स्पेक्टरबाईंनी गाडी रस्त्याच्या कडेला घ्यायला लावली. "गंमत बघ. ज्यांच्या मनात राग होता, त्यांना शेठने घरात पाऊल टाकू दिलं नाही. त्यामुळे तो कुठे रेलतो हे त्यांना कळणं शक्यच नव्हतं. आणि ज्यांना आत घेतलं, त्यांना रागावायचं काही कारण नव्हतं. आपल्याला असा माणूस हवा, ज्याला एकदा बाहेर काढलं होतं आणि जो तरीही आत होता."

"असा कोण असेल?"

"चल, परत कचेरीत जाऊ."

चौकशीवाली एकटीच होती. इन्स्पेक्टरबाईंनी तिला कागद काढू दिले नाहीत.

"आठवून सांगा. हेच टेकडीवरचं घर पूर्वीही कधी विक्रीला होतं?"

"होतं. काही वर्षांपूर्वी. आधीच्या मालकांनी दिलं होतं आमच्याकडे."

"तेव्हा परत पाठवलेल्यांपैकी कोणी लक्षात राहिलंय?"

तिने अर्धवट उघडलेला खण बंद केला आणि म्हणाली, "एक बाई. आजारी होती. डोक्यावरचे केस गेलेले, रुमाल बांधलेला. ती आणि तिचा नवरा नदीपलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये राहायचे. तिथून त्यांना रोज ही गच्ची दिसायची. ती म्हणाली, मला घर विकत नको. एकदाच वर जाऊन बघायचंय, तिथून आमचं घर कसं दिसतं."

"शेठ काय म्हणाले?"

"कागद मागितले. बिचारीने पिशवीतून बँकेचं पुस्तक काढून दिलं. तिला वाटलं, ते दाखवलं की सोडतील. शेठनी आकडा मोठ्याने वाचला. म्हणाले, एवढ्यात त्या घराची कडीसुद्धा येत नाही. खुर्च्यांवरची माणसं हसली. भाचेसाहेब तेव्हा नुकतेच यायला लागले होते, तेही हसले." तिने पदर सारखा केला. "तिने पुस्तक परत पिशवीत घातलं आणि मला म्हणाली, ताई, तुमचा वेळ घेतला."

"आणि नवरा?"

"एक शब्द बोलला नाही. उंच माणूस. लोखंडी जाळ्या, फाटकं करायचा. हात ठिणग्यांनी भाजलेले होते, सगळे पांढरे ठिपके."

संध्याकाळ व्हायच्या आत इन्स्पेक्टरबाई टेकडीवरच्या घरी पोचल्या. बरोबर हवालदार आणि भाचा. म्हातारा गच्चीच्या दारात खुर्ची टाकून बसला होता. भाच्याला पाहून त्याच्या कपाळाला आठी पडली.

"काका, एकच प्रश्न विचारायला आले," बाई म्हणाल्या. "हे घर केवढ्याला विकाल?"

"ते... बघू. योग्य गिऱ्हाईक आलं की."

"सांगितलेल्या किमतीच्या वर देणारा आला होता. त्याला परत पाठवलंत. विकायचं आहे तरी का तुम्हाला?"

म्हाताऱ्याने नजर नदीकडे वळवली.

"तुम्हाला घर विकायचंच नव्हतं," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. "तुम्हाला शेठ हवा होता. घर विक्रीला असेपर्यंत तो इथे येत राहणार. पहिल्या गिऱ्हाइकाबरोबर तो आला, तेव्हा तुम्ही त्याला कठड्याला रेलताना पाहिलंत. दुसऱ्या वेळी खात्री केलीत. मग प्रत्येक गिऱ्हाईक नाकारत गेलात आणि मधल्या काळात बोल्ट कापत गेलात. दुसरं कोणी पडू नये म्हणून अंगणातल्या कुंड्या वर आणून जागा अडवलीत. फक्त त्याची जागा मोकळी ठेवलीत."

"कोणीही कापले असतील बोल्ट," म्हातारा म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता.

"तुम्ही म्हणालात, तेव्हा मी स्वयंपाकघरात होतो. डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला गच्चीवर पाहिलं. तुम्ही म्हणालात, हातावर तेलाचे चटके आहेत. तुमच्या घरात कढई नाही. ते वेल्डिंगच्या ठिणग्यांचे डाग आहेत. तुम्ही आयुष्यभर कठडे बसवलेत, काका. किती लोखंड ठेवलं म्हणजे एका माणसाचं वजन पेलणार नाही, हे तुमच्याइतकं कोणाला कळणार?"

भाचा पुढे सरसावला. "पण ह्यांना मामांनी काय केलं होतं? आमची ह्यांची ओळखसुद्धा नव्हती!"

"ओळख होती," म्हातारा म्हणाला. आता तो खुर्चीतून उठला होता. "तू हसला होतास."

भाचा एक पाऊल मागे सरला.

"डोक्याला रुमाल बांधलेली बाई. बँकेचं पुस्तक घेऊन आली होती. आठवतं का?"

भाच्याच्या चेहऱ्यावरून ते कळत होतं. त्याला आठवत होतं.

"तू पोरगा होतास तेव्हा. मालक हसला म्हणून हसलास. म्हणून तुला दारातून परत पाठवत होतो. तू इथे रेललेला मला नको होतास."

भाच्याची नजर तुटलेल्या कठड्याकडे गेली.

"तुमच्याकडे एवढे पैसे कुठून आले?" हवालदाराने विचारलं.

"ती गेली आणि पैसे आले." म्हातारा कडवट हसला. "आमच्या शेडला कुत्रं विचारत नव्हतं. मग नदीकाठी मोठ्या इमारती यायच्या ठरल्या आणि त्या जमिनीसाठी माणसं दारात रांग लावायला लागली. मी विकली. ह्या घराच्या मालकाकडे सरळ गेलो, मागेल ते दिलं. दलालाला मधे घेतलंच नाही. पहिल्या दिवशी ह्या गच्चीवर आलो, म्हटलं तिच्या वतीने बघू, आपलं घर कसं दिसतं. शेड पाडून झाली होती. बघायला काही उरलंच नव्हतं."

सगळे नदीपलीकडे बघत राहिले. तिथे अर्धवट बांधलेल्या इमारती होत्या, एकीच्या माथ्यावर क्रेन उभी होती.

"त्या दिवशी ठरवलं. आणि त्याच्याच कचेरीत गेलो. त्याच खुर्चीवर बसलो. शेठ उठून उभा राहिला माझ्यासाठी. या, बसा, काय घेणार? मला काही एक विचारलं नाही त्याने. घेणाऱ्याच्या सात पिढ्या खणून काढणारा माणूस. विकणाऱ्याला त्याने नावसुद्धा नीट विचारलं नाही."

"त्याने तुम्हाला ओळखलं नाही?" इन्स्पेक्टरबाईंनी विचारलं.

"दर वेळी वाट बघितली. दर वेळी विचारलं, आपण आधी भेटलोय का? म्हणायचा, तुमच्यासारखी मोठी माणसं मी विसरत नाही."

"आज त्याला काय म्हणालात? गच्चीवर?"

म्हाताऱ्याने डोळे मिटले.

"म्हणालो, शेठ, माझ्या बायकोला इथून फक्त एकदा बघायचं होतं. तुम्ही नाही म्हणालात. त्याला वाटलं, मी गंमत करतोय. गिऱ्हाइकासमोर घराचा भाव वाढवतोय. हसला आणि रेलला."

"हात पुढे करून त्याला धरता आलं असतं तुम्हाला."

"आलं असतं."

"त्याने ओळखलं असतं, तर धरलं असतंत?"

"नाही." म्हातारा जराही थांबला नाही. "ओळखलं असतं तरी पाडलाच असता. खोटं कशाला सांगू? पण मग तो हसत गेला नसता. त्याला कळलं असतं, कोणासाठी आणि कशासाठी. तेवढ्यासाठी तर घर विकायला काढलं, बाई. वर्षभर रोज ह्या खुर्चीत बसून मनात घोळवलं, त्याचा चेहरा कसा होईल. आणि तो मेला तो डॉक्टरीणबाईंना घर खपवायच्या आनंदात. माझा सूड त्याच्यापर्यंत पोचलाच नाही."

इन्स्पेक्टरबाईंनी हवालदाराला खूण केली. म्हाताऱ्याने आपणहून हात पुढे केले, बाही मागे सारून, ते पांढरे ठिपकेवाले हात.

जिन्यावरून उतरताना भाचा मधेच उभा राहिला होता. त्याला वाट द्यायची होती, की काही बोलायचं होतं, त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

"काका," तो शेवटी म्हणाला, "त्या... काकूंना मी..."

"तिला काही सांगू नकोस," म्हातारा म्हणाला. "तिने तुला केव्हाच माफ केलं असेल. ती तशीच होती. मी तसा नाही."

बाहेर आल्यावर त्याने मागे वळून घराकडे पाहिलं. पुढचं दार सताड उघडं होतं. हवालदार कुलूप शोधायला लागला.

"राहू दे उघडं," म्हातारा म्हणाला. "ज्याला बघायचंय त्याला बघू दे."

"तसं नाही करता येत, बाबा," हवालदार अवघडून म्हणाला. "सरकारी सील लावावं लागतं."

त्याने दार ओढून घेतलं, कडी घातली, कुलूप लावलं आणि त्यावर कापड गुंडाळून लाख ओतली. लाख घट्ट होईपर्यंत म्हातारा फाटकाशी उभा राहिला. मग कोणी न सांगताच गाडीत जाऊन बसला.